वहिनीच्या काकांची सात मिनिटं

सबंध मुंबईत बरोबर वेळ फक्त एका मनगटावर होती आणि ते मनगट आमच्या वहिनीच्या काकांचं होतं. असं मी नाही म्हणत, ते स्वतः म्हणायचे, आणि इतक्या ठामपणे म्हणायचे की समोरचा माणूस गुपचूप आपलं घड्याळ बाहीखाली सारायचा. तसे ते माझे कोणी नव्हेत. माझ्या थोरल्या भावाची बायको, तिच्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. आता माझे कोण लागतात ते ज्याला हौस असेल त्याने जुळवावं. मुलुंडला आमच्या घरी सगळे त्यांना 'वहिनीचे काका' म्हणत. माझी आईसुद्धा. वहिनी ही आईची सून, तरी "वहिनीचे काका, चहा टाकू ना?" असंच तिच्या तोंडून निघायचं, आणि काका मनगटाकडे बघून म्हणायचे, "टाका, पण अजून चार मिनिटांनी." चहा त्यांना पाचला लागायचा. पाचच्या सुमाराला नव्हे, पाचला.

राहायला घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत, मूळ गाव मालवणकडचं, आणि नोकरी गिरणीत टाइमकीपरची. सकाळच्या पाळीचा भोंगा त्यांच्या हाताने वाजायचा. "मालक झोपलेला असायचा, मॅनेजर झोपलेला असायचा, गिरणी मी उठवायचो," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभरदा ऐकलंय, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच सांगताहेत अशा आनंदाने सांगायचे. गेटवर उशिरा येणाऱ्यांची हजेरी लाल शाईने मांडायचं कामही त्यांचंच. एकदा वहिनीचे वडील, म्हणजे काकांचे सख्खे थोरले भाऊ, जे त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, ते दोन मिनिटं उशिरा पोचले. काकांनी लाल शाई उचलली. भाऊ म्हणाले, "अरे, मी आसंय मा!" तर हे मान वर न करता म्हणाले, "घराक भाऊ. हय नंबर सांग." थोरल्याने महिनाभर अबोला धरला. पुढे मात्र तोच भाऊ येईल त्याला सांगत सुटला, की आमचा धाकटा म्हणजे बावनकशी, सख्ख्या भावाला सोडलं नाही त्याने.

अशा माणसाला रस्त्यात सहज म्हणून वेळ विचारायची सोय नव्हती. आधी ते थांबत. मग डावी बाही दुमडत. मग सेकंदाचा काटा बारावर येईपर्यंत वाट बघत, आणि मग सांगत, "आत्ता, चार वाजून अठरा मिनिटं झाली." तोपर्यंत विचारणाऱ्याची बस गेलेली असे. कोणी "साडेचार होत आले" असं म्हणालं की त्यांचा पारा चढायचा. "होत आले म्हणजे काय? बाळंत होतायत काय साडेचार?" आमच्याकडे पाचला येतो म्हणाले आणि दहा मिनिटं आधी पोचले, तर ती दहा मिनिटं ते खाली बिल्डिंगच्या फाटकाशी उभे राहून काढत. आई गॅलरीतून "अहो, या ना वर!" म्हणून ओरडायची आणि हे खालून पंजा दाखवायचे, की अजून अवकाश आहे. बाबांनी ऑफिसची घाई साधावी म्हणून आमचं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवलं होतं. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, "रोज सकाळी स्वतःला फसवून कामाला जाता तुम्ही?" बाबांना ते इतकं लागलं की त्यांनी त्याच दिवशी घड्याळ बरोबर केलं आणि पुढचा आठवडाभर त्यांना ऑफिसात लेटमार्क पडला.

संपानंतर गिरणी उघडलीच नाही. काकूंनी मसाले कुटून द्यायला सुरुवात केली, मुलगा एका कारखान्यात चिकटला, घर चाललं. काका मात्र रोज सकाळी पहिल्या पाळीच्या आधी उठत, अंघोळ करत, इस्त्रीचा शर्ट घालत, घड्याळाला चावी देत आणि दारात खुर्ची टाकून बसत. चावी देताना कोणी बोलायचं नाही असा दंडक होता. बोलणार तरी कोण म्हणा, सगळी चाळ झोपलेली. वहिनी एकदा माहेरी राहून आली आणि मला म्हणाली, "भावोजी, काका खुर्चीत बसले ना की असं वाटतं, आत्ता कोणीतरी हाक मारील म्हणून बसलेत."

हाक आली ती लग्नांची. घाटकोपर, भांडुप, विक्रोळी, कुठेही कोकणातल्या माणसाच्या घरी लग्न निघालं की पत्रिका द्यायला येणारा माणूस जाताना म्हणायचा, "आणि काकानूं, वेळ द्यायला तुम्ही." आपल्याकडे मुहूर्ताचा एक क्षण धरलेला असतो, तो आला की शेवटचं 'सावधान' म्हणायचं, अंतरपाट बाजूला करायचा, हार घालायचे. तो क्षण भटजींना सांगायचं काम काकांचं. काळा कोट घालून ते अंतरपाटाच्या उजव्या अंगाला उभे राहत, उजवा हात वर, नजर डाव्या मनगटावर. हात खाली आला की लग्न लागलं. भोंग्याची कळ दाबताना हात असाच यायचा म्हणे. त्या दहा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते नवरदेवाच्या चेहऱ्यावरही नसायचं. "तुमचं घड्याळ रेडिओशी जुळवता का हो काका?" असं कोणी विचारलं तर ते हसून म्हणत, "रेडिओने माझ्याशी जुळवावं. त्याला गरज आहे."

आता माझं लग्न. मुलगी बोरिवलीची, तिला किंचित मंगळ, आणि सासूबाई त्या बाबतीत भलत्याच कडक. त्यांनी आपल्या गावच्या गुरुजींकडून मुहूर्त काढून आणला होता, अकरा बेचाळीस. "इकडचं मिनिट तिकडे होता कामा नये, मुलीच्या संसाराचा प्रश्न आहे," असं त्यांनी चारचारदा बजावलं. आई म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही निर्धास्त राहा. आमच्याकडे वहिनीचे काका आहेत."

बोरिवलीचा हॉल माणसांनी भरलेला. मंगलाष्टकं सुरू झाली. माझी मावशी आणि मुलीची आत्या, दोघी आळीपाळीने गात होत्या. अंतरपाटाच्या खालून मला होणाऱ्या बायकोच्या पायांचे फक्त अंगठे दिसत होते. ते आधी लाजलेले होते. मग चुळबुळायला लागले. कारण दोघींची मंगलाष्टकं संपली तरी काकांचा हात वरच. आत्याने पहिलं अष्टक पुन्हा उचललं. मावशीने गंगेपासून होत्या नव्हत्या तेवढ्या नद्या दोनदा वाहवल्या. लोकांच्या मुठीतल्या अक्षता संपल्या, पोरं खाली पडलेल्या वेचून परत वाटायला लागली. अंतरपाट धरलेल्या माझ्या भावाचे हात भरून आले. आणि तेवढ्यात मुलीचे मामा पुढे सरसावले. गोरेगावला राहणारे, जरासे तापट, आणि त्यांच्या मनगटावर दुबईहून कोणीतरी आणून दिलेलं नवंकोरं आकडे दाखवणारं घड्याळ. ते म्हणाले, "अहो काका, बेचाळीस होऊन गेले! हात खाली करा!"

काकांनी मनगटावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "पस्तीस झालेत. मामानूं, ता तुमचा दुबईचा टायम दाखवता. आपण बोरिवलीत आसंव."

हॉल असा हसला म्हणता! भटजी हसले, वाजंत्रीवाले हसले, मीही मुंडावळ्यांच्या आत हसलो. बाबांच्या घड्याळातही बेचाळीस झाले होते. त्यांनी निमूटपणे ते सात मिनिटं मागे घेतलं. मामांचा चेहरा लालबुंद झाला. नंतर कधीतरी काकांचा हात खाली आला, आमचं लग्न लागलं, आणि पंगतीच्या वेळी कळलं की मामा न जेवता निघून गेले. सासूबाई आपल्या भावासाठी कासावीस झाल्या. काका मात्र जिलबी घेत म्हणाले, "माणसाने घड्याळ घ्यावं, पण घमेंड घेऊ नये."

तिसऱ्या दिवशी मुलुंडला आमच्या घरी सत्यनारायण होता. संध्याकाळी पाहुणे पांगले, काका गॅलरीत बसले होते. आतल्या खोलीत कोणीतरी रेडिओ लावला आणि सात वाजायच्या टिकटिक टिकटिक ठोक्यांचा आवाज आला. काकांनी सवयीने मनगट वर केलं. मी शेजारीच उभा होतो. त्यांचा चेहरा मी आजन्म विसरणार नाही. ते म्हणाले, "रेडिओ चुकला." पण आवाज त्यांचा नव्हता. मग चपला घालून ते खालच्या मजल्यावर फोन होता तिथे गेले आणि वेळ सांगणाऱ्या बाईला फोन लावला. तिने सांगितलं ते ऐकून परत फिरवला. तिने परत तेच सांगितलं. मग स्टेशनवर जाऊन तिथलं घड्याळ बघून आले. मी आपला त्यांच्या मागे मागे. येताना वाटेत ते थांबले आणि म्हणाले, "सात मिनटा मागे आसा रे. मामा बरोबर होतो."

मी म्हटलं, "जाऊ द्या हो काका. कोणाला कळलंय?"

"माका कळला मा!"

मग ते एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि जे बोलले ते मी आजवर वहिनीलाही सांगितलं नव्हतं. "गिरणी होती तेव्हा रोज जुळवत होतो रे रेडिओशी. एक दिवस चुकवला नाही. गिरणी बंद झाली, म्हटलं आता कोणाचा भोंगा वाजवायचाय? सोडून दिलं. आणि लोकांना सांगत सुटलो की मला जुळवायची गरजच पडत नाही. लोकांनी मानलं. मग मीही मानलं." एवढं बोलून ते उठले आणि विचारलं, "तुझी पाचपरतवण कधी?"

तिथे येऊन ते हे सगळं सांगणार, हे मी ओळखलं. लग्नानंतर पाचव्या दिवशी नवरानवरीने मुलीच्या माहेरी जेवायला जायचं, त्याला पाचपरतवण म्हणतात. मी हातापाया पडलो. म्हटलं, काका, मंगळाची मुलगी, सासूबाई हाय खातील, माझ्या संसाराचा पहिला आठवडा आहे, वाट लागेल माझी! शिवाय तुम्हाला पुन्हा कोणी वेळ द्यायला बोलावणार नाही. ते म्हणाले, "नाय बोलवू देत. त्यांनी वेळ माझ्यावर सोडली होती. ती किती होती हे त्यांना माहीत नको?" त्या माणसाकडे गिरणी गेल्यावर तेवढंच उरलं होतं, आणि ते स्वतःच्या हाताने सोडायला ते निघाले होते. मला राग येत होता आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

तर अशी आमची वरात निघाली, नवी नवरी, नवा जावई आणि वहिनीचे काका. दोन बस बदलून बोरिवली. बायको शालू सावरत माझ्या कानात म्हणाली, "हे का येताहेत?" मी म्हटलं, "वेळ सांगायला." दार उघडल्यावर सासऱ्यांनाही तोच प्रश्न पडलेला दिसला. पाटावर बसायच्या आधी काकांनी हात जोडले आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "तुमच्या मुलीचं लग्न अकरा एकोणपन्नासला लागलं. बेचाळीसला नाही. चूक माझ्या घड्याळाची, आणि घड्याळापेक्षा माझी."

सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्या मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. सासरे बिचारे म्हणाले, "आता हे सांगून काय उपयोग हो?" काका म्हणाले, "उपयोग काही नाही. पण मुहूर्त तुमचा होता." मग त्यांनी मामांचा पत्ता मागितला. जेवले नाहीत. "मामा न जेवता गेले ना, मग मी कसा जेवू?" म्हणाले. नव्या जावयाने ताटावरून उठून त्यांच्याबरोबर गोरेगावला जावं हे कोणत्या शास्त्रात बसतं मला ठाऊक नाही, पण मी गेलो.

मामांनी लुंगीवरच दार उघडलं. काका म्हणाले, "तुमचं घड्याळ बरोबर होतं. मी चुकलो, आणि वर तुमची थट्टा केली. माफी मागायला आलोय." मामा काही विरघळले वगैरे नाहीत. ते म्हणाले, "चारशे माणसांत हसवलंत मला. आणि माफी इथे दारात, एकट्यात?" काकांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले. "चारशे माणसांत सांगतो."

आणि खरंच सांगितलं हो! पुढची दोन वर्षं काकांना वेळ द्यायला बोलवणं आलं की ते नको म्हणत, आणि नुसतं नको म्हणून थांबत नसत. लग्नाला जात, मंडपात जो भेटेल त्याला धरून बोरिवलीची सगळी हकीकत सांगत, दुबईच्या टाइमाच्या थट्टेसकट. कोणी म्हणालं, "होतं हो काका कधीकधी," तर चिडत. "सात मिनटा होतंत काय कधीकधी?" बोलावणी हळूहळू थांबली. काळा कोट ट्रंकेत गेला. आमच्याकडे येत तेव्हा फाटकाशी थांबणंही त्यांनी सोडलं. आले की सरळ वर येत आणि चहा मिळेल तेव्हा पीत. आईला ते बघवायचं नाही. तीच पाचची वाट बघत चहा अडवून ठेवायची.

माझ्या संसारात म्हणाल तर त्या सात मिनिटांनी पुष्कळ कामं केली. स्कूटर पंक्चर झाली, सात मिनिटं. कुकरची शिट्टी उडाली, सात मिनिटं. माझं प्रमोशन अडलं तेव्हा सासूबाईंनी शनिवारचे उपास धरले. एकदा भांडण झालं तेव्हा मीच बायकोला म्हटलं, "हे सगळं त्या सात मिनिटांमुळे!" ती म्हणाली, "हो ना. तेवढीच सात मिनिटं तुमच्यापासून वाचले." मग दोघंही हसलो आणि तो विषय आमच्यापुरता मिटला.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. सासरी बैठक बसली, मीही होतो. वेळ द्यायला कोण, हा प्रश्न निघाला. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोणीही चालेल. ते मात्र नकोत." आणि कोपऱ्यातून मामा म्हणाले, "तेच पाहिजेत."

"अरे, तूच म्हणतोस? त्यांचं घड्याळ..."

"घड्याळ कोणाचंही चुकतं, ताई. माझंही परवा बंद पडलं होतं. पण चुकलं हे सांगायला तुझ्या दारात आणि माझ्या दारात कोण आला? दुसऱ्या कोणाला उभं केलंस आणि तो चुकला, तर तुला जन्मात कळायचं नाही."

सासूबाईंनी मग पुढचा विषय काढला. मामा स्वतः घाटकोपरची टेकडी चढून बोलवायला गेले. काका नकोच म्हणत होते. "माझो हात थरथरता आता," म्हणाले. मामा म्हणाले, "थरथरू दे. वर तर होतो ना?" आणि काकूंनी दिलेली सोलकढी पिऊन आले.

लग्नाच्या सकाळी काकांनी घड्याळ रेडिओशी जुळवलं, वेळ सांगणाऱ्या बाईशी जुळवलं आणि हॉलवर आल्यावर हॉलच्या घड्याळालाही मान दिला. अंतरपाट धरला गेला. काका आपल्या जागेवर उभे राहिले, उजवा हात वर. मंगलाष्टकं रंगात आली आणि अचानक काकांनी मान वळवली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, भरल्या मंडपात त्यांनी विचारलं, "मामानूं, तुमच्यात किती झाले?"

मामांनी कोटाची बाही मागे सारली आणि मनगट वर करून दाखवलं. मनगट रिकामं होतं. "मी आज घातलंच नाही," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

काका क्षणभर त्या रिकाम्या मनगटाकडे बघत राहिले. मग खाली आपल्या घड्याळाकडे. हात चांगलाच थरथरत होता, पण आला तो बरोबर वेळेवर आला. सावधान झालं, वाजंत्री सुरू झाली, अक्षतांचा सडा पडला, आणि काका मान खाली घालून घड्याळातच बघत राहिले. लग्न लागून गेलं होतं, आता बघायचं काही नव्हतं. मी जवळ गेलो तर म्हणाले, "जा रे, पंगत बघ," आणि चष्मा काढून उगीचच पुसायला लागले.

त्यानंतर ते चारेक वर्षं होते. आता लग्नं फोटोवाल्याच्या सोयीने लागतात आणि बेचाळीसचे एकोणपन्नास झाले काय नि बारा पाच झाले काय, कोणी विचारत नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझं चुकलंय आणि ते माझ्याशिवाय कोणालाच कळलेलं नाही, अशा वेळा पुढे ऑफिसात आल्या, घरात आल्या, पोरांच्या बाबतीतही आल्या. दर वेळी काका आठवले. दोन बस बदलून सांगायला जाणं मात्र मला एकदोनदाच जमलं.